समलैंगिकतेला गुन्हा ठरवणारे कायदे आणि जगाचा प्रतिसाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कायद्यांची स्थिती 2025च्या अखेरपर्यंतची आहे. हे क्षेत्र वेगाने, आणि दोन्ही दिशांनी, बदलत असल्यामुळे एखाद्या देशाविषयी निर्णय घेण्यापूर्वी तेथील ताजी स्थिती तपासून घ्यावी.

1. ‘समलैंगिकता गुन्हा आहे’ म्हणजे नेमके काय गुन्हा असते?

बहुतेक दंडसंहितांमध्ये एखाद्याचे समलैंगिक असणे हा गुन्हा नसतो. दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने आणि खासगीत ठेवलेला शरीरसंबंध हा गुन्हा असतो. मात्र कलमांची भाषा इतकी मोघम असते की हा भेद प्रत्यक्षात टिकत नाही. ‘निसर्गक्रमाविरुद्ध संभोग’ किंवा ‘घोर असभ्य वर्तन’ या शब्दांत नेमके काय बसते, हे प्रथम पोलीस ठरवतात, आणि पोलीस कृती पाहू शकत नसल्यामुळे ते पेहराव, चालणे-बोलणे, फोनमधील संदेश आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांवरून माणूस ओळखू पाहतात. म्हणजे शिक्षा कृतीची असली तरी संशय ओळखीवरच घेतला जातो.

अलीकडचे काही कायदे तर कृतीच्याही पलीकडे गेले आहेत. नायजेरियाच्या 2014च्या कायद्यानुसार समलिंगी व्यक्तींची संघटना चालवणे किंवा तिच्यात सहभागी होणे यासाठी 10 वर्षांपर्यंत कैद आहे. युगांडाच्या 2023च्या कायद्यात समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’साठी 20 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इराकने 2024 मध्ये समलिंगी संबंधांसाठी 10 ते 15 वर्षांची कैद ठरवली आणि प्रचारालाही स्वतंत्र शिक्षा ठेवली.

2. सध्या किती देशांत असे कायदे आहेत? संख्या कमी होते आहे की वाढते आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्य देशांपैकी सुमारे 65 देशांत असे कायदे आहेत. ते मुख्यतः आफ्रिका, पश्चिम आशिया, दक्षिण आणि आग्नेय आशियाचा काही भाग, कॅरिबियन बेटे आणि प्रशांत महासागरातील काही द्वीपराष्ट्रे येथे आहेत. दीर्घ काळाचा विचार केला तर संख्या निश्चितच घटली आहे. अँटिग्वा आणि बार्बुडा, सेंट किट्स आणि नेव्हिस व बार्बाडोस (तिन्ही 2022), मॉरिशस (2023), डॉमिनिका आणि नामिबिया (2024) व सेंट लुसिया (2025) येथील न्यायालयांनी ही कलमे रद्द केली.

त्याच काळात उलटा प्रवासही झाला. मालीने 2024च्या अखेरीस नवी दंडसंहिता आणून समलिंगी संबंध प्रथमच गुन्हा ठरवले, तर बुर्किना फासोने सप्टेंबर 2025 मध्ये 2 ते 5 वर्षांच्या कैदेची तरतूद केली. म्हणून ‘हे जुने कायदे हळूहळू आपोआप गळून पडतील’ असे जे अनेक वाचक लिहितात, त्याला वस्तुस्थितीचा पुरेसा आधार नाही.

3. मृत्युदंड खरोखर कोणत्या देशांत आहे?

इराण, सौदी अरेबिया, येमेन, मॉरिटानिया, ब्रुनेई आणि नायजेरियाच्या उत्तरेकडील शरियत लागू असलेली राज्ये येथे समलिंगी संबंधांसाठी मृत्युदंडाची स्पष्ट तरतूद आहे. युगांडात ती ‘गंभीर स्वरूपाच्या समलैंगिकते’पुरती आहे, तिच्यात अल्पवयीन किंवा अपंग व्यक्तीशी ठेवलेल्या संबंधांबरोबरच हाच गुन्हा दुसऱ्यांदा करणेही मोडते. अफगाणिस्तान, पाकिस्तान, कतार, सोमालिया आणि संयुक्त अरब अमिराती येथे धार्मिक कायद्याच्या अर्थानुसार ही शिक्षा शक्य मानली जाते, पण कायद्याचा मजकूर निःसंदिग्ध नाही. तरतूद असणे आणि फाशी दिली जाणे या निराळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्यावे: ब्रुनेई आणि मॉरिटानियात अनेक वर्षे कोणालाही मृत्युदंड दिला गेलेला नाही, इराणमध्ये मात्र तो दिला जातो.

4. हे कायदे त्या त्या देशांच्या परंपरेतून आले आहेत की वसाहतवादी सत्तांनी लादले?

याचे एकच उत्तर सर्व देशांना लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये 1533 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात अशा संबंधांसाठी मृत्युदंड आला. 1861 मध्ये त्याची जागा दीर्घ कैदेने घेतली. 1860च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 377 हे याच विचाराचे वसाहतीतील रूप होते. ते सिंगापूर, मलाया, सिलोन, ब्रह्मदेश आणि पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत थोड्याफार फरकाने पोहोचले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडची 1899ची दंडसंहिता हा दुसरा साचा होता आणि त्याचा प्रभाव पापुआ न्यू गिनी व नायजेरिया येथील कायद्यांवर दिसतो. म्हणूनच आजच्या सुमारे 65 देशांपैकी निम्म्याच्या आसपास देश राष्ट्रकुलाचे सदस्य आहेत. राष्ट्रकुलाच्या 2018च्या परिषदेच्या वेळी तत्कालीन ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी या कायद्यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता.

परंतु सगळा दोष वसाहतवादावर टाकणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. फ्रान्सने 1791 मध्येच हा गुन्हा दंडसंहितेतून वगळला होता. पूर्वी फ्रेंच अमलाखाली असलेल्या सेनेगल आणि कॅमेरून यांनी आपापली कलमे स्वातंत्र्यानंतर स्वतः घातली, आणि माली व बुर्किना फासो यांनी तर स्वातंत्र्यानंतर सहा दशके उलटल्यावर. इराण आणि सौदी अरेबिया येथील कायदे शरियतीच्या अन्वयार्थावर उभे आहेत. शिवाय जो कायदा एकेकाळी बाहेरून आला, तोच आज ‘आपली संस्कृती’ म्हणून राखला जातो, हे राजकीय वास्तव केवळ उगम दाखवून बदलत नाही.

5. अनेक देशांत कोणावर खटलाच भरला जात नाही. मग कागदावर पडून असलेल्या कायद्याने काय बिघडते?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. खटल्यांची संख्या मोजून कायद्याचे परिणाम मोजता येत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या मागे फौजदारी कलमाचे भय आहे, त्याला कोणीही धमकावून पैसे उकळू शकतो आणि तो तक्रार घेऊन पोलिसांकडे जाऊ शकत नाही, कारण तक्रार हाच त्याचा कबुलीजबाब ठरेल. मारहाण झाली, घरमालकाने बाहेर काढले, नोकरी गेली, तरी हीच अडचण येते. आरोग्यसेवेवरचा परिणाम तर सरकारांनाही मान्य करावा लागतो: शिक्षेच्या भीतीने लोक एचआयव्हीची चाचणी आणि उपचार टाळतात.

न्यायसंस्थांनीही हे ओळखले आहे. उत्तर आयर्लंडमधील जेफ्री डजन यांची पोलिसांनी चौकशी केली होती, पण त्यांच्यावर खटला भरला नव्हता. तरीही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1981 मध्ये निर्णय दिला की अशा कायद्याचे अस्तित्व हाच त्यांच्या खासगी जीवनात सततचा हस्तक्षेप आहे. निकोलस टूनन यांच्या प्रकरणात (प्रश्न 6 पाहा) ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात अनेक वर्षे कोणावरही कारवाई झालेली नव्हती, तरी निष्कर्ष तोच निघाला.

सिंगापूरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे पुरुषांमधील समलिंगी संबंधांवरील कलम 377अ कायम ठेवायचे पण वापरायचे नाही, असे धोरण सरकारने 2007 मध्ये जाहीर केले. फेब्रुवारी 2022 मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने हे आश्वासन विचारात घेऊन कलमाची अंमलबजावणी होऊ शकत नाही असे म्हटले आणि त्याच वर्षी संसदेने ते काढून टाकले. वापरायचे नाही असे ठरवलेले कलम राखण्यासाठी पंधरा वर्षे खर्ची पडली; ते शेवटी काढावेच लागले.

6. मानवी हक्कांच्या करारांत समलैंगिकतेचा उल्लेखच नाही. मग हे कायदे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग कसे करतात?

उल्लेख नाही हे खरे आहे. पण नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद 17 मध्ये खासगी जीवनात मनमानी हस्तक्षेपापासून संरक्षण आहे, तर अनुच्छेद 26 मध्ये भेदभावरहित समान संरक्षण आहे. टास्मानियाच्या कायद्याविरुद्ध टूनन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली, तेव्हा समितीने 1994 मध्ये ठरवले की सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध खासगी जीवनात मोडतात आणि करारातील ‘लिंग’ या आधारात लैंगिक अभिमुखतेचाही समावेश होतो. एड्सचा प्रसार रोखण्यासाठी कायदा हवा, हा टास्मानियाचा युक्तिवाद समितीने फेटाळला. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय संसदेने लगेच संरक्षक कायदा केला आणि 1997 मध्ये टास्मानियाने आपली कलमे मागे घेतली.

या निर्णयाच्या आधारावर पुढची बरीच इमारत उभी राहिली. मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने 2002 मध्ये इजिप्तमधील अटकांविषयी मत देताना केवळ या कारणासाठीची कैद मनमानी ठरवली. संशयितांची सक्तीने केली जाणारी गुदद्वार तपासणी संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने निषिद्ध मानली आहे. केनियाच्या अपील न्यायालयानेही 2018 मध्ये ती बेकायदा ठरवली. 2006 मध्ये इंडोनेशियात योग्यकर्ता येथे तज्ज्ञांनी तयार केलेली तत्त्वेही वारंवार उद्धृत होतात, मात्र ती कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत.

7. संयुक्त राष्ट्रे एखाद्या देशाला कायदा रद्द करायला भाग पाडू शकतात का?

नाही. मानवी हक्क समितीची मते वजनदार असली तरी त्यांच्या अंमलबजावणीसाठी पोलीस यंत्रणा नसते, आणि सदस्य देशांमध्ये एकमतही नाही. 2008 मध्ये आमसभेत समलैंगिकतेला गुन्हा न मानण्याच्या निवेदनाला 66 देशांनी पाठिंबा दिला, तर त्याच दिवशी विरोधी निवेदनावर जवळपास तितक्याच देशांची नावे होती. दक्षिण आफ्रिकेने मांडलेला मानवी हक्क परिषदेचा पहिला ठराव जून 2011 मध्ये 23 विरुद्ध 19 अशा मतांनी निसटता संमत झाला. 2016 मध्ये लैंगिक अभिमुखतेवरील हिंसा आणि भेदभाव यांसाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव 23 विरुद्ध 18 मतांनी मंजूर झाला. भारत तेव्हा तटस्थ राहिला.

याहून कमी गाजलेली, पण आमच्या मते अधिक उपयोगी यंत्रणा म्हणजे प्रत्येक सदस्य देशाचा ठरावीक काळाने होणारा सार्वत्रिक आढावा. त्यात इतर देश शिफारशी करतात आणि संबंधित सरकारला त्या स्वीकारल्या की नाहीत हे नोंदवावे लागते. हे जाहीर उत्तर नंतर तेथील वकील आणि संघटना आपल्याच सरकारपुढे धरू शकतात.

8. मदत रोखणे किंवा निर्बंध लादणे याचा उपयोग होतो का?

कधी कधी होतो, पण त्याची किंमत बहुतेक वेळा स्थानिक लोकांनाच मोजावी लागते. युगांडाचा 2014चा कायदा आल्यावर जागतिक बँकेने 9 कोटी डॉलरचे आरोग्यविषयक कर्ज लांबणीवर टाकले. तो कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घटना न्यायालयाने रद्द केला, तोही संसदेत गणसंख्या नव्हती या कारणाने. 2023 मध्ये अधिक कठोर कायदा आला. जागतिक बँकेने नवी कर्जे थांबवली आणि अमेरिकेने आफ्रिकी देशांना मिळणाऱ्या व्यापारी सवलतींतून युगांडाला 2024च्या प्रारंभी वगळले. घटना न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये काही तरतुदी सोडून कायदा कायम ठेवला, आणि 2025 मध्ये बँकेने वित्तपुरवठा पुन्हा सुरू केला. कायदा मात्र जागच्या जागी आहे.

ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी 2011 मध्ये मदतीला अशी अट जोडण्याचे सूतोवाच केले, तेव्हा आफ्रिकेतील अनेक सामाजिक कार्यकर्त्यांनी संयुक्त निवेदन काढून विरोध केला होता. दवाखाने आणि शाळा यांचा पैसा थांबला तर त्याचे खापर आपल्याच डोक्यावर फुटेल, हा त्यांचा मुद्दा होता. बाहेरच्या धमकीमुळे सत्ताधाऱ्यांना राष्ट्राभिमानाची ढालही मिळते. सरसकट मदतबंदीपेक्षा जबाबदार अधिकाऱ्यांपुरता व्हिसानकार आणि स्थानिक खटल्यांना मदत हे मार्ग आम्हाला अधिक योग्य वाटतात.

शांतपणे केलेल्या मुत्सद्देगिरीलाही मर्यादा आहेत. मलावीत 2010 मध्ये एका जोडप्याला 14 वर्षांची सक्तमजुरी झाली आणि संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांच्या भेटीच्या वेळी राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. दोन माणसे सुटली, कलम राहिले. 2024 मध्ये तेथील न्यायालयाने ते वैधही ठरवले.

9. ब्रुनेईने बहिष्कारानंतर कायदा मागे घेतला ना?

मागे घेतला नाही. एप्रिल 2019 मध्ये दगडांनी ठेचून मारण्याच्या तरतुदीसह शरियत दंडसंहिता पूर्णपणे लागू झाली आणि सुलतानांच्या मालकीच्या आलिशान हॉटेलांवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. मे महिन्यात सुलतानांनी मृत्युदंडावरील प्रत्यक्षातील स्थगिती या संहितेलाही लागू राहील असे सांगितले. तरतूद पुस्तकात आहे तशीच आहे, आणि त्याचे परिणाम प्रश्न 5 मध्ये सांगितल्याप्रमाणेच होतात.

10. एका देशातील न्यायालयाच्या निकालाचा दुसऱ्या देशात उपयोग होतो का?

बंधनकारक म्हणून नाही, पण युक्तिवाद म्हणून फार होतो. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचा 1998चा निकाल, बेलीझचा 2016चा निकाल आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2018चा निकाल यांचे दाखले पुढील खटल्यांत सतत दिले गेले. बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने जून 2019 मध्ये आपली कलमे रद्द करताना भारतीय निकालाचा आधार घेतला आणि अपील न्यायालयाने 2021 मध्ये ते कायम केले. तरी केनियाच्या उच्च न्यायालयाने बोट्स्वानाच्या आधी अवघे काही आठवडे, हेच दाखले पुढे असताना, उलट निष्कर्ष काढला. दाखला दार दाखवतो. ते उघडायचे की नाही हे तेथील राज्यघटना आणि न्यायाधीश ठरवतात.

11. न्यायालयाने कलम रद्द केले की प्रश्न कायमचा मिटतो का?

मिटेलच असे नाही. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये कलम 377 सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये तो निकाल उलटवला आणि पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2018 मध्ये पुन्हा मुक्तता दिली. मधली जवळपास पाच वर्षे, जे लोक उघडपणे जगू लागले होते, ते पुन्हा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार होते.

त्रिनिदाद आणि टोबॅगोचा पेच अधिक तांत्रिक आहे. तेथील राज्यघटनेत स्वातंत्र्यापूर्वीच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून वाचवणारे कलम आहे. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरील बंदी रद्द केली, पण मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने याच संरक्षक कलमाच्या आधारे गुन्हा पुन्हा जिवंत केला. कमाल शिक्षा मात्र 5 वर्षांवर आणली. जुन्या कायद्यात मोठा बदल केला तर तो ‘जुना’ राहतो का, हा अशा खटल्यांतला कळीचा वाद असतो.

12. हे कायदे स्त्रियांनाही लागू होतात का?

अनेक देशांत होतात, जरी ब्रिटिश वळणाची मूळ कलमे बहुधा पुरुषांपुरती होती. श्रीलंकेने 1995 मध्ये समानतेच्या नावाखाली कलमातील ‘पुरुष’ हा उल्लेख काढून ‘व्यक्ती’ असा केला, आणि गुन्हा कमी होण्याऐवजी त्याची कक्षा स्त्रियांपर्यंत वाढली. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2022 मध्ये श्रीलंकेतील तक्रारीवर निर्णय देताना अशी तरतूद कराराचा भंग करते असे ठरवले.

13. ज्या देशात असे कलमच नाही, तेथे अटक कशी होते?

दुसऱ्या कलमाखाली होते. इजिप्तमध्ये वेश्याव्यवसायविरोधी 1961च्या कायद्यातील ‘स्वैराचारा’चे कलम वापरले जाते, 2001 मध्ये कैरोतील एका बोटीवरील छाप्यानंतर 52 पुरुषांवर खटला चालला होता. इंडोनेशियाच्या राष्ट्रीय कायद्यात हा गुन्हा नव्हता, पण आचे प्रांताच्या धार्मिक कायद्यात त्यासाठी 100 फटक्यांपर्यंत शिक्षा आहे.

रशियाने 1993 मध्ये गुन्हा रद्द केला, 2013 मध्ये अल्पवयीनांसमोरच्या ‘प्रचारा’वर बंदी घातली, 2022 मध्ये ती सर्वांना लागू केली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. संबंध कायदेशीर, पण त्याविषयी बोलणे धोक्याचे, अशी ही अवस्था आहे आणि म्हणून प्रश्न 2 मधील संख्येत ती दिसत नाही.

14. परदेशी प्रवाशांना हे कायदे लागू असतात का?

असतात. आपल्या देशात ते संबंध वैध आहेत हा बचाव चालत नाही. वाणिज्य दूतावास वकील मिळवून देण्यास आणि कोठडीत भेट घेण्यास मदत करू शकतो, खटला थांबवू शकत नाही.

15. अशा देशातून आलेल्या व्यक्तीला आपोआप आश्रय मिळतो का?

आपोआप मिळत नाही. 1951च्या निर्वासितविषयक करारातील ‘विशिष्ट सामाजिक गट’ या आधारावर दावा करता येतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने 2012 मध्ये यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले की केवळ कायदा असणे म्हणजे छळ नव्हे, मात्र कैदेची शिक्षा प्रत्यक्षात दिली जात असेल तर तो छळ आहे. ‘मायदेशी जाऊन गुपचूप राहा’ असे अर्जदाराला सांगता येणार नाही, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने वरील 2013च्या निकालात स्पष्ट केले.

खरी अडचण सिद्ध करण्याची असते. आयुष्यभर लपवलेली गोष्ट काही तासांच्या मुलाखतीत पटवून द्यावी लागते. 2014 मध्ये युरोपीय न्यायालयाने शारीरिक ‘चाचण्या’, लैंगिक कृतीची चित्रफीत आणि साचेबद्ध कल्पनांवर आधारलेले प्रश्न यांना मनाई केली. 2018 मध्ये अभिमुखता ठरवणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्यांनाही लगाम घातला.

16. असा कायदा करणाऱ्या नेत्यांवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला होऊ शकतो का?

केवळ कायदा केला म्हणून सहसा नाही. ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ म्हणून छळ सिद्ध करण्यासाठी नागरिकांवरील व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला दाखवावा लागतो. तरी जुलै 2025 मध्ये या न्यायालयाने तालिबानच्या दोन सर्वोच्च नेत्यांविरुद्ध लिंगाधारित छळाच्या आरोपावरून अटक वॉरंट काढली. त्यांत स्त्रिया आणि मुलींबरोबरच तालिबानच्या लिंगविषयक धोरणात न बसणाऱ्या इतर व्यक्तींच्या छळाचाही उल्लेख आहे. अटक मात्र सदस्य देशांच्या सहकार्यावर अवलंबून असते.

17. गुन्हा रद्द झाला की विवाहाचा हक्कही मिळतो का?

नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. सिंगापूरने कलम काढताना विवाहाची व्याख्या न्यायालयीन आव्हानापासून सुरक्षित करणारी घटनादुरुस्तीही केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. केनियाच्या न्यायालयाने मात्र 2019 मध्ये गुन्हा रद्द केल्यास विवाहाला मागचे दार उघडेल असे कारण दिले. सिंगापूर आणि भारत यांचा अनुभव या भीतीला दुजोरा देत नाही.

18. पूर्वी झालेल्या शिक्षांचे काय होते?

कायदा रद्द झाल्याने जुना शिक्का पुसला जात नाही. त्यासाठी वेगळा कायदा करावा लागतो. पश्चिम जर्मनीत युद्धानंतर कलम 175 खाली सुमारे 50,000 पुरुषांना शिक्षा झाल्या. ते कलम 1994 मध्ये पूर्णपणे रद्द झाले, पण या शिक्षा रद्दबातल ठरवणारा कायदा 2017 मध्ये आला. त्यात प्रत्येक शिक्षेमागे 3,000 युरो आणि कैदेच्या प्रत्येक वर्षामागे 1,500 युरो भरपाई ठेवली गेली. तोवर बहुतेक पात्र पुरुष वारले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2017च्या कायद्याने मृतांना सरसकट माफी मिळाली, पण जिवंत व्यक्तींना आधी शिक्षेची नोंद दुर्लक्षित करण्यासाठी अर्ज करावा लागतो. काहींनी तो करण्यास नकार दिला. जो गुन्हाच नव्हता त्याची माफी कशासाठी मागायची, असे त्यांचे म्हणणे होते.